मे महिन्यातल्या बाई

सुट्टी लागली की शिक्षक आजारी पडतात. वर्षभर अंगात कसकस असताना, घसा बसलेला असताना, पाय मुरगळलेला असतानाही वर्गावर जाणारी माणसं निकाल वाटून घरी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतात. आमच्या स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी दृष्ट लागली म्हणतं, कुणी पन्ह्यातल्या बर्फावर ढकलतं. मला विचाराल तर शरीर फार हिशेबी असतं. आता रजा मिळायची नाही हे त्याला कळतं, म्हणून कॅटलॉग जमा होईपर्यंत ते कसाबसा दम धरतं आणि मग सगळी थकबाकी एकदम मागतं.

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. एप्रिलअखेर नववीचे पेपर तपासत होते. प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू यायला परावर्तन करणारा पृष्ठभाग किमान 17.2 मीटर अंतरावर असावा लागतो, हे पुस्तकातलं उत्तर. एका मुलाने ते अचूक लिहिलं होतं आणि खाली स्वतःची भर घातली होती: ‘त्याच्याहून जवळ गेलो तर डोंगर ऐकतो, पण उलट बोलत नाही.’ दोन-चार वर्षांपूर्वी असलं वाक्य सापडलं असतं तर तो पेपर हातात घेऊन मी अख्ख्या स्टाफरूमभर फिरले असते. या वेळी गुण टाकले आणि पान उलटलं. यावर हसायला हवं होतं, हे रात्री ओटा आवरताना लक्षात आलं.

थकवा मला नवा नाही. हा कोरडेपणा मात्र नवा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. पहिल्या खुणेवर झोप हा इलाज आहे. दुसरीवर नाही. अकरा तास झोपून उठलं तरी डोंगराच्या वाक्यावर हसू येईलच असं नाही. म्हणून ‘सुट्टीत मस्त आराम करा’ या सल्ल्याचा मला राग येतो. कसला आराम? कुठल्या अवयवाला?

कारण शिक्षकाचा थकवा एका जागी नसतो. थोडा घशात असतो, थोडा पोटऱ्यांत, थोडा कानांत. आणि सगळ्यात मोठा वाटा असतो तो सतत निर्णय घेण्याचा. पस्तीस मिनिटांची तासिका बाहेरून शांत दिसते. आत काय चालू असतं? एकीला पाणी प्यायला जायचंय, सोडू का? मागच्या बाकावरचा झोपलाय. रात्री जागलाय की घरी काही झालंय? याची वही आजही नाही, बोलू की दुर्लक्ष करू? ती उत्तर देताना अडखळली, वाट बघू की मदत करू? फळ्याकडे पाठ फिरवल्यावर शिट्टी कुणी मारली हे मला कळलंय, ते कळल्याचं दाखवू का? यातला प्रत्येक निर्णय दोन सेकंदांत घ्यायचा, चेहरा शांत ठेवून घ्यायचा आणि घेता घेता अपवर्तनांक शिकवायचा. दुपारी घरी आल्यावर ‘आज भाजी काय करू?’ या प्रश्नाने डोळ्यांत पाणी येतं ते उगाच नाही.

सुट्टी म्हणून जी मिळते ती तरी सलग असते का? 2025 साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एका वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि 1 मेला निकाल द्यायचा होता. मधल्या दिवसांत पेपर, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, गुणतक्ते, प्रगतिपुस्तकं. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला, म्हणजे वर्गशिक्षक पुन्हा शाळेत. त्याच वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले, तेव्हा पालकांचे फोन सुरू. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. आमच्या प्राथमिक विभागातल्या एक बाई, केस पांढरे झालेल्या, आता बालमानसशास्त्राच्या गाइडवर पिवळ्या पेनाने रेघा मारत बसतात. ‘शिक्षकांची काय मज्जा, दीड महिना सुट्टी’ असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकलं की मी हल्ली वाद घालत नाही. घसा वाचवते.

घशाचंच आधी सांगते, कारण तो आमचं भांडवल आहे आणि आम्ही त्याला सर्वांत वाईट वागवतो. बोलताना बाईच्या स्वरतंतूंची एकमेकांवर आपटी सेकंदाला साधारण दोनशे वेळा होते, पुरुषाच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पाच तासिका झाल्या की किती, हे गणिताच्या सरांना विचारा. त्यात आमच्या शाळेच्या एका अंगाला रहदारीचा रस्ता. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये ही गोष्ट दाखवून दिली. वर्गात तर हा खेळ दोन्हीकडून चालतो. मुलं मोठ्याने, म्हणून मी मोठ्याने, म्हणून मुलं आणखी मोठ्याने. वर्षअखेरीस आमच्यातल्या निम्म्या बाया फोनवर ‘हॅलो’ म्हणाल्या की समोरचा विचारतो, सर बोलताय का?

सुट्टीत घसा आपोआप बरा होईल हा भ्रम आहे. शाळा बंद होते आणि बोलणं दुप्पट होतं: लग्नं, पाहुणे, माहेर, वर्षभर न केलेले फोन. पहिल्या आठवड्यात कमी बोलायचं, एवढी एकच गोष्ट मी पाळते. मौन नाही. मौनाचा फार गाजावाजा होतो आणि घरचे घाबरतात. फक्त दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, उठून जवळ जायचं. सारखं खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. कुजबुजून बोललं की घशाला आराम मिळतो असं वाटतं, पण त्यानेही ताण येतो. त्यापेक्षा हळू पण नीट आवाजात बोललेलं बरं. आणि दोन-तीन आठवडे गप्प राहूनही आवाज घोगराच राहिला तर ज्येष्ठमध चघळत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. स्वरतंतूंवर गाठी येणं शिक्षकांत काही दुर्मीळ नाही. जागतिक आवाज दिन 16 एप्रिलला असतो. बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली तीही याच तारखेला, 1853 साली, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला पाठ असतं. आवाज दिन एकाही मास्तराला माहीत नसतो, कारण तेव्हा आम्ही पर्यवेक्षण करत ‘मान खाली!’ म्हणून ओरडत असतो.

आता घर. इथे मी जरा थांबणार आहे.

‘सुट्टीच आहे ना तुला.’ हे वाक्य मे महिन्यात शिक्षिका जितकं ऐकते तितकं दुसरं काही ऐकत नसेल. नणंदेच्या मुलीची केळवणं, गॅस एजन्सीचं केवायसी, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माळा काढणं, पंखे पुसणं, वर्षाचं तिखट-मसाले, वाळवणं. जून ते एप्रिल जे जे ‘मे मध्ये बघू’ म्हणून पुढे ढकललं ते सगळं रांगेत उभं असतं. आमच्या शाळेतले सर लोक सुट्टी लागली की गावी जातात आणि येताना हापूसच्या पेट्या घेऊन ताजेतवाने परततात. बाया परततात तेव्हा त्यांची कपाटं लखलखीत असतात. मी हे गमतीने लिहितेय असं वाटलं तर थोडंसं खरं आहे, पण थोडंसंच.

गेल्या वर्षी मी घरात सांगितलं, पहिला आठवडा मी घरातही सुट्टीवर आहे. पडून राहीन असं नाही, पण ठरवणार काही नाही. काय शिजवायचं, कधी शिजवायचं, दूध किती घ्यायचं, कामवाल्या मावशींना काय सांगायचं, हे तुम्ही ठरवा. पोळ्या लाटायला सांगा, लाटते. किती लाटायच्या ते तुम्ही सांगायचं. अहोंना वाटलं मी रुसलेय. मुलाला वाटलं काहीतरी मेडिकल आहे. सासूबाई मात्र ऐकून घेऊन म्हणाल्या, “मग मलाही दे की सुट्टी. कुरडया यंदा विकतच्या आणा.”

ज्यांनी कुरडया घातल्यात त्यांना या वाक्याचं वजन कळेल. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक गाळून निवू द्यायचा, वरचं पाणी अलगद ओतायचं, पहाटे उठून तो चीक गुठळी न होऊ देता शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, कारण गार झाला की सोऱ्या फिरत नाही. वर गच्चीत कावळे राखायचे. पन्नास वर्षं हे करणाऱ्या बाईने बचत गटाच्या कुरडयांची पिशवी स्वतः फोडून तळली आणि “बऱ्या आहेत” म्हणाल्या. आमच्या घरातली खरी क्रांती ती. तो आठवडा पिठलं-भात जरा जास्तच झाला, दूध एकदा नासलं, एकदा संपलं. कुणाचं काही बिघडलं नाही. मला मात्र आठवड्याच्या शेवटी एके दुपारी आपण होऊन काहीतरी करावंसं वाटलं, कैरीची डाळ. कुणी मागितली नव्हती.

झोपेबद्दल थोडक्यात: सुरुवातीचे दिवस हवी तितकी घ्यावी, नंतर उठायची वेळ एकच ठेवावी. प्रवासाबद्दल त्याहून थोडक्यात: दहा ठिकाणं दाखवणाऱ्या सहलीत दहा वेळा माणसं मोजावी लागतात, आणि ते काम आपण वर्षभर करतोच.

मी येऊरला जाते. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, पाटोणपाड्याच्या दिशेने. ठाण्यातल्या माणसाला हे नशीब फुकट मिळालेलं आहे, घोडबंदर रोडचा धूर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल यांत काही मिनिटांचं अंतर. मे महिन्यात वाटेवर आदिवासी बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांतून करवंदं विकायला बसलेल्या असतात. करवंदाचा चीक बोटांना लागतो, ओठांना लागतो, आणि साबणाने निघत नाही. एकदा शेजारी एक आजोबा नातीला घेऊन उभे होते. आजोबा करवंद हातात धरून विचारत होते, “कोंबडा की कोंबडी?” नात म्हणाली कोंबडा. फोडलं तर आतून लालभडक. कोंबडा! ती पोरगी अशी नाचली की द्रोण सांडला.

माझ्या तोंडावर आलं होतं की बाळा, हा जो पांढरा चीक आहे ना, त्याला लॅटेक्स म्हणतात, आणि झाड तो कशासाठी तयार करतं सांग बघू. मी तोंडात करवंद टाकलं आणि गप्प बसले. सांडलेली करवंदं गोळा करायला वाकले. आजोबांनी मला पण विचारलं, कोंबडा की कोंबडी? मी म्हटलं कोंबडी, आणि निघाला कोंबडा. चुकीचं उत्तर देण्यात इतकी मजा असते हे मी विसरूनच गेले होते.

झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी 2007 मध्ये कामानंतर माणूस सावरतो तो कशाने, याच्या चार वाटा मांडल्या. कामापासून मनाने सुटणं, निवांतपणा, काहीतरी नवं जमवण्याचं समाधान, आणि आपल्या वेळेवर आपलाच ताबा असणं. आपण सुट्टीत फक्त निवांतपणाच्या मागे लागतो. पण मन शाळेतच असेल तर आरामखुर्चीतही शाळाच भरते. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करणं पुरत नाही, कारण म्यूट केलेला ग्रुप दिवसातून वीस वेळा उघडून बघितला जातो. मी फोनमधून तो तात्पुरता अर्काइव्हमध्ये टाकला आणि पर्यवेक्षकांना सांगितलं, तातडीचं असेल तर फोन करा. फोन फार आले नाहीत. जे तातडीचं म्हणून रोज धडकायचं त्यातलं बहुतेक तातडीचं नव्हतंच, फक्त टाइप करायला सोपं होतं.

नवं जमवण्याच्या वाटेवर मी पोहायला गेले. पालिकेच्या तरणतलावावर, बायकांच्या बॅचला. शिकवणारी मुलगी जेमतेम बाविशीची. तिने मला पहिल्याच दिवशी ‘मावशी’ केलं. वर्षानुवर्षं जिला सगळे बाई किंवा मॅडम म्हणतात तिला पाण्यात उभी करून कुणीतरी ओरडतंय, “मावशी, पाय सोडा! मी सांगते म्हणून सोडा!” माझ्या बॅचमधल्या सगळ्यांत ढ विद्यार्थिनी मी. शेजारची कॉलेजची पोरगी आठवडाभरात कडेकडेने पोहू लागली, मी दांडा धरून पाय मारत राहिले. तिला शाबासकी मिळाली की मला आतून बारीक कळ यायची. वर्गात सूचना तिसऱ्यांदा सांगूनही ज्यांना कळत नाही ती मुलं कुठे बघत असतात, हे मला तिथे कळलं: ती शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात, अजून चिडली नाही ना हे पाहायला. सूचना ऐकूच येत नाही. नववीच्या मागच्या बाकांबद्दल इतकं मला बी.एड.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

आणि पाण्यात कान बुडाले की काही ऐकू येत नाही. वर्षभर ‘बाई, बाई, बाई’ ऐकणाऱ्या कानांना याचं काय वाटतं ते लिहिता येणार नाही.

हे सगळं साध्या थकव्याचं झालं. सुट्टीचे दोन-तीन आठवडे गेले तरी झोप येत नाही, किंवा येते पण उठावंसं वाटत नाही, आवडीची माणसंही नकोशी होतात, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर येऊर आणि पोहणं सांगणारी मी कोण? तिथे डॉक्टर हवा. ठाणेकरांना याची लाज वाटण्याचं तर काहीच कारण नाही. उभ्या महाराष्ट्राने ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणून आपली टिंगल केली, कारण मनोरुग्णालय आपल्या गावात. पण मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत मोकळेपणी बोलायला शिकवणारी डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही 1990 पासून याच गावात आहे. आणि घराबाहेर पडायचंच नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक 14416, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एका सरांनी तो फिरवला होता. त्यांनी स्वतः स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा कुणीही विनोद केला नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःशी साफ ठेवलीय. सुट्टीने माणूस भरून निघतो, नोकरी बदलत नाही. सुट्टीचा फायदा कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो, असं या विषयावरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडली तर आषाढी एकादशीच्या दिंडीपर्यंत बऱ्याच जणी पुन्हा तिथेच. त्या आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही दोष माणसाच्या मनाला दिलेला नाही, कामाच्या ठिकाणाला दिलाय. शिक्षण हक्क कायदा 2009 मधलं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. वाचून बरं वाटतं. पण पोर्टलवर माहिती भरणं, आधार जुळवणं, ‘फोटोसह अहवाल आजच पाठवा’ हे सगळं शैक्षणिकच समजलं जातं, त्यामुळे त्याला कलम लागत नाही. प्राणायामाने हे सुटणार नाही, आणि ‘तणावमुक्त शिक्षक’ नावाचं प्रशिक्षण ऐन सुट्टीत ठेवल्याने तर नाहीच नाही.

म्हणून सुट्टीचा शेवटचा आठवडा मी वह्यांना कव्हरं घालण्यात घालवत नाही. त्या आठवड्यात एका कागदावर वर्षभर माझ्याकडे असलेली कामं लिहिते: वर्गशिक्षक, विज्ञान प्रदर्शन, प्रयोगशाळा, सहल, स्नेहसंमेलनाचं निवेदन, वाचनालय, शिष्यवृत्तीचे जादा तास, तंबाखूमुक्त शाळेची फाइल. त्यातलं मुलांच्या उपयोगाचं किती, माझ्या आवडीचं किती, आणि नुसतं ‘बाई नाही म्हणत नाहीत’ म्हणून आलेलं किती. तिसऱ्या गटातली दोन कामं खोडते. सगळी खोडायला गेलं तर ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंवर पडतात, हेही बघावं लागतं.

शाळा उघडायच्या आधीच्या सभेत मी सहल आणि स्नेहसंमेलन सोडतेय असं सांगितलं. प्रयोगशाळा ठेवते म्हटलं, तिथे माझा जीव आहे. मुख्याध्यापक सर चष्मा काढून बघत राहिले.

“मग सहल कोण बघणार, बाई?”

“ते तुम्ही ठरवा, सर.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.